चित्रांना मानवेल अशी हवा

पावसाळा लागला की आपल्या घरातले एखादे दार हटकून फुगते. कडी बसत नाही, उंबऱ्याशी दार अडते आणि सुताराची आठवण होते. उन्हाळ्यात त्याच दाराच्या फळ्यांमधून उजेड दिसू लागतो. तबला वाजवणाऱ्यांना तर हवेचा लहरीपणा रोजचाच ठाऊक असतो. दमट हवेत पुडी सैल पडते आणि तबला उतरतो. लाकूड, कातडे, सूत, कागद, सरस या सगळ्या वस्तू हवेतला ओलावा पितात आणि हवा कोरडी झाली की तो सोडून देतात. पिताना फुगतात, सोडताना आकसतात.

तैलचित्र म्हणजे अशा वस्तूंचे एकत्र कुटुंबच. खाली लाकडी चौकट, तीवर ताणलेला कॅनव्हास, त्यावर सरसाचा हात, त्यावर पांढरे अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर व्हार्निश. प्रत्येक थर आपापल्या स्वभावाप्रमाणे हलतो. चित्र नवे असते तोवर रंगाचा थर लवचीक असतो आणि ही ओढाताण सोसतो. पन्नास-शंभर वर्षांनी तो ठिसूळ होतो. मग आधी केसासारख्या भेगा जातात, पुढे पोपडे सुटतात, आणि सुटलेला पोपडा एकदा केराबरोबर गेला की तो चित्रकार परत येऊन ती जागा रंगवणार नसतो.

हे सारे सांगायचे कारण म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत आणि गावांत विखुरलेली कलादालने. सातारा जिल्ह्यातल्या औंधचेच उदाहरण घेऊ. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी यमाईच्या डोंगरावर १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे, किरातार्जुनीय प्रसंगाची पहाडी लघुचित्रे, हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम, हेन्री मूरचे आई आणि मुलाचे दगडी शिल्प असा ऐवज तिथे आहे. मुंबईचा रस्ता कधी न धरलेल्या शेतकऱ्याच्या मुलालाही अस्सल चित्र डोळ्यांनी पाहता यावे, ही सोय एका लहानशा संस्थानिकाने करून ठेवली. असे संग्रह गावात आहेत म्हणूनच त्यांचे मोल अधिक. आणि गावात आहेत म्हणूनच त्यांच्या हवेचा प्रश्न अवघड.

अशा कलादालनांसाठी निधी मंजूर होतो तेव्हा बातमीत एक शब्द हमखास असतो : ‘वातानुकूलित’. मागणी रास्त आहे. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-तीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या वर जाते. कोंडलेल्या खोलीत ती दीर्घकाळ सत्तरच्या वर राहिली की बुरशी धरते. काही उपाय हवाच. पण वातानुकूलनाच्या नावाखाली आपण काय करतो, ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कलादालनात मी पाहिले आहे. सकाळी दालन उघडले की यंत्रे सुरू होत आणि संध्याकाळी कुलूप लावताना बंद. दुपारी पाहुण्यांना छान गार वाटे. रात्री मात्र चित्रे पुन्हा पावसाळी हवेत. चित्रांच्या पाठीवर बुरशीचे करडे ठिपके उमटले होते. ‘एसी असूनही असे कसे?’ असे तिथल्या रखवालदाराने मला विचारले. त्याचा प्रश्न अगदी योग्य होता.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो, हे त्याचे उत्तर. दिवसभर गार केलेल्या भिंतींवर आणि चौकटींवर, यंत्र बंद होताच फटींतून शिरलेली दमट हवा येऊन टेकते. तिथे ती थंड होते आणि तिची आर्द्रता एकदम चढते. शिवाय घरगुती धर्तीचे यंत्र तापमानाकडे पाहून चालते. खोली ठरल्याइतकी गार झाली की ते थांबते, मग हवेत ओलावा कितीही उरलेला असो. संग्रहालयाच्या यंत्रणेला आर्द्रतेचे भान असावे लागते. हवा पुरेशी थंड करून तिच्यातले पाणी काढायचे आणि मग तीच हवा थोडी ऊन करून दालनात सोडायची, असा तिचा दुहेरी व्याप असतो. म्हणून ती महाग, आणि ती चोवीस तास चालावी लागते.

स्थिर हवेचे महत्त्व जगाला कळले ते युद्धाच्या धामधुमीत. बॉम्बवर्षावाच्या भीतीने लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रे १९३९ मध्ये वेल्समध्ये हलवण्यात आली आणि १९४१ मध्ये तिथल्याच मॅनॉड डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवण्यात आली. खाणीच्या पोटात विटांची दालने बांधून आतली हवा सुमारे १७ अंश सेल्सियस आणि ४२ टक्के आर्द्रतेवर राखली गेली. लंडनमध्ये वरचेवर पोपडे सोडणारी चित्रे या खाणीत शांत झाली आणि त्यांची डागडुजी जवळजवळ थांबली. युद्ध संपून ती घरी परतल्यावर जुनी दुखणी पुन्हा सुरू झाली. त्या अनुभवातूनच लंडनच्या गॅलरीत वातानुकूलित दालने आली.

पुढे या अनुभवाचे आकडे झाले आणि आकड्यांचा दंडक झाला. याच गॅलरीचे वैज्ञानिक सल्लागार गॅरी थॉमसन यांचे संग्रहालयांच्या हवेवरचे पुस्तक १९७८ साली निघाले. आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपास आणि चढउतार पाचाहून अधिक नको, हे सूत्र जगभर पाठ झाले. वास्तविक ही पाचाची मर्यादा यंत्रांना साधारण काय जमते यावरून ठरली आहे, चित्रांना नेमके काय सोसते याच्या पक्क्या ज्ञानावरून नव्हे, असे थॉमसन यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले होते. तेवढे मात्र लोकांनी वाचले नाही.

नंतरच्या संशोधनाने हा लगाम सैल केला. वस्तू ज्या हवेत वर्षानुवर्षे नांदली, तिच्या जवळपासची हवा तिला सोसते, हे तत्त्व २०१० च्या एका युरोपीय मानकाने स्वीकारले. २०१४ मध्ये संवर्धकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मोठ्या संग्रहालयांच्या ज्या मर्यादा पुढे ठेवल्या त्या बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता, १६ ते २५ अंश तापमान आणि चोवीस तासांत दहा टक्क्यांहून अधिक चढउतार नाही, अशा होत्या. विजेची उधळपट्टी टाळणे हाही त्यामागचा हेतू होता. आपल्या लहान कलादालनांना या बदलात मोठा दिलासा आहे. ऋतूबरोबर हवा हळूहळू बदलली तर बहुतेक चित्रे निभावून नेतात. त्यांना मारतो तो रोजचा हिसका.

म्हणूनच सुधारणेचा क्रम उलटा लावावा, असे मला वाटते. सर्वांत आधी आर्द्रता मोजणारे उपकरण आणि त्याची रोजची नोंद. ती वर्षभर हाती असल्याशिवाय कोणतीही निविदा काढू नये. मग छपराची गळती, तुंबलेल्या पन्हळी, भिंतीत मुरणारे पाणी. त्यानंतर दारेखिडक्यांच्या फटी आणि प्रवेशापाशी दुहेरी दार. चित्राला पुढून काच, मागून पाठफळी आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे अंतर, एवढ्याने हवेचे हिसके पुष्कळ बोथट होतात. आपल्या पूर्वजांनी पोथ्या लाकडी पट्ट्यांत धरून सुती बासनात गुंडाळल्या, त्यामागेही हाच व्यवहार होता. ओलाव्याचा पहिला मार कापड आणि लाकूड झेलत असे.

इतके झाल्यावर यंत्राची पाळी. तेव्हाही साऱ्या इमारतीला सरसकट एकच हवा कशाला? मूरच्या दगडाला जी हवा चालते ती हस्तिदंताला चालणार नाही. नाजूक लघुचित्रे आणि हस्तिदंत यांच्यासाठी एक लहान, घट्ट बंद होणारी खोली घ्यावी आणि तीच अहोरात्र नीट राखावी. वीज गेली तरी चालेल अशी तजवीज त्या एका खोलीपुरती सहज करता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा इथे या विषयाचे जाणकार आहेत. आराखडा होण्यापूर्वी त्यांना विचारावे.

राहता राहिला पैसा. यंत्रखरेदीसाठी एकरकमी निधी मिळतो, उद्‌घाटन होते, फीत कापली जाते. दरमहा येणारे वीजबिल, गाळण्यांची सफाई आणि ते काम करणारा तंत्रज्ञ यांची तरतूद मात्र अंदाजपत्रकात नसते. मग बचत म्हणून रात्री बटण बंद होते आणि चित्रांचे हाल सुरू होतात. ज्या संस्थेला यंत्र चोवीस तास चालवणे झेपणार नाही, तिने ते घेऊच नये. उत्तम छप्पर आणि उत्तम चौकटी यांवर तो पैसा खर्च करावा.

वाचकांनाही यात काम आहे. सुटीत मुलांना घेऊन जवळच्या कलादालनात जरूर जा. गार वाटले म्हणून समाधान मानू नका. भिंतीवर आर्द्रतामापक आहे का ते पाहा, त्याची नोंदवही मागा आणि रात्री यंत्र चालू असते का, हे नम्रपणे विचारा. असे विचारणारी दहा कुटुंबे दर महिन्याला आली, तर वीजबिलाची तरतूद अंदाजपत्रकात आल्यावाचून राहणार नाही.