गणरायाच्या वाहनाची शिरगणती

रांजणगावच्या महागणपतीला जाणारा भाविक मूषकालाही हात जोडतो. पण हा मूषक नेमका कोणता, असे विचारणारा अजून आम्हांला भेटायचा आहे. घरउंदीर की शेतउंदीर? वाचकहो, हसू नका. असल्याच प्रश्नांपायी शहाणीसुरती माणसे वर्षानुवर्षे पिंजरे घेऊन रानोमाळ हिंडली आहेत.

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभली. तिचा पहिला अहवाल आपल्या खानदेशाचा, बरं का! क्रम्प नावाच्या गृहस्थांनी प्राणी धरायचे, कातडी-कवट्या विलायतेस धाडायच्या आणि मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातून निवृत्त झालेल्या रॉटनसाहेबांनी त्या ओळखायच्या, असा तो कारभार. या पाहणीसाठी खटपट करणाऱ्या मिलार्डसाहेबांचे नाव तर उंदरांच्या एका कुळालाच मिळाले : मिलार्डिया. रस्त्यांची नावे बदलतात. उंदराचे सहसा कोणी बदलायला जात नाही.

आमची भाची प्राणिशास्त्र शिकते. गेल्या थंडीत तिने रांजणगावजवळ एका शेताच्या बांधावर पिंजरे मांडले, आणि ओझी उचलायला मामा हवा म्हणून आम्ही. अलीकडे ज्वारी, पलीकडे औद्योगिक वसाहतीचे दिवे. संध्याकाळी शेंगदाणे ठेवायचे आणि उजाडताच पिंजरे तपासायचे. उशीर झाला तर आतला जीव हकनाक मरतो. शेतमालकांच्या आई काठी टेकीत आल्या.

"पोरी, धरून काय करणार गं?"

"मोजणार आणि सोडून देणार, आजी."

"सोडणार? आमच्याच ज्वारीत?"

भाचीजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळ तर नव्हतेच.

दोनच पिंजऱ्यांची दारे पडली होती. एकात चिचुंद्री. हिला आपण जन्मभर उंदरांत मोजतो, पण ती उंदराच्या गोत्रातली नव्हेच. किडे खाणारी निराळी जात. दुसऱ्यात मऊ केसांचा, मोठ्या कानांचा शेतउंदीर. तोच तो मिलार्डिया! शेपूट, मागचा पाय, कान मोजून, वजन टिपून भाचीने त्याला जिथल्या तिथे सोडले. आजी टक लावून पाहत होत्या. म्हणाल्या, "आमच्या विहिरीत घुबड होतं. उंदरांना औषध घातलं, तवापासनं ते बी दिसंना." विषाने मेलेले उंदीर खाऊन घुबडेही दगावतात. आजींनी ते पुस्तकावाचून ताडले होते.

या शेतउंदराचा एक भाऊबंद सिंहगडावर नांदतो. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गडाच्या जुन्या नावावरून त्याला 'कोंडाना' म्हटले. समुद्रातल्या बेटावर एखादा प्राणी अडकून पडावा, तसा हा गडाच्या माथ्यावर. भोवती पाण्याऐवजी दऱ्या. माथ्यावरची झुडपे तुटतात, पिठले-भाकरी खायला आमच्यासारख्या हौशी मंडळींची रीघ लागते, आणि संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत याचे नाव आहे. शेतातल्या भावाची ज्वारी गेली तर बाजरी आहे. याने गड सोडून जावे कुठे? पुढे कडाच.

भाचीने आता गडासाठी वनखात्याकडे अर्ज केला आहे. परवानगी येईपर्यंत पिंजरे आमच्या माळ्यावर आहेत, आणि त्यांतला एक आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरासाठी आधीच मागून घेतला आहे.