दुष्काळी जिल्ह्यानं कुरकुर करू नये म्हणे

ज्या जिल्ह्यात उन्हाळा लागला की टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या माणसानं डॉल्बीच्या आवाजावर, चौकातल्या फ्लेक्सवर आणि टीव्हीवरच्या मालिकांवर कुरकुर करणं हे पोट भरल्याचं लक्षण आहे. आधी पाणी, आधी पीकविमा, आधी पोरांना काम, मग वेळ उरलाच तर तुमचा उपरोध. असं आमच्या धाराशिवकडच्या एका विद्वान गृहस्थांचं मत आहे. ते त्यांनी व्याख्यानात मांडलं, लेखात मांडलं, आणि आता टपरीवर भेटेल त्याला ऐकवत असतात. त्यांच्या सिद्धान्ताचं सार एवढंच, की दुष्काळी माणसाला एका वेळी एकच दुःख मंजूर आहे. दुसरं हवं असेल तर आधीचं जमा करा.

त्यांचे किरकोळ मुद्दे आधी उरकतो. ही पुण्या-मुंबईची नक्कल आहे म्हणे. असेल, फ्लेक्सही तिकडूनच आला, त्याला कोणी अडवलं नाही. टवाळीनं प्रश्न सुटत नाहीत म्हणे. मग गांभीर्यानं किती सुटले? मराठवाड्याच्या वाट्याचं कृष्णेच्या खोऱ्यातलं 23.66 टीएमसी पाणी हा आकडा इथल्या पोरांना पाढ्यांबरोबर पाठ होतो. त्यावरची भाषणं अतिशय गंभीर होती, एकही वक्ता हसला नव्हता. पाणी मात्र टप्प्याटप्प्यानं येतंय आणि टप्पे संपत नाहीत.

हा सूर जुनाच आहे. जानेवारी 2020 मध्ये 93 वं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, तेव्हाही 'दुष्काळात संमेलन कशाला' म्हणणारे होते. संमेलन झालं, साधेपणानं झालं, लोकांनी तुडुंब गर्दी केली, पुस्तकं घेतली. त्या तीन दिवसांत दुष्काळ वाढल्याचं कोणी सांगितलं नाही. पण तो वाद पुन्हा उकरत नाही. (उकरलाच, तर पुष्कळ आहे.)

महाशयांचं लाडकं उदाहरण मात्र तेरचं. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे कशाचं? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायचं. मग आमच्यात कोण कच्चं ते बघा, म्हणाली. सगळ्यांनी निमूट डोक्यावर थापट्या घेतल्या, नामदेवांनी तेवढी कुरकुर केली, म्हणून ते कच्चे ठरले. महाशय इथं थांबतात आणि टाळ्या घेतात. गोष्ट तिथं थांबत नाही. नामदेव रागावून थेट विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले, तिथून विसोबा खेचरांकडे धाडले गेले आणि गुरू करून परतले. त्या घरात बसलेल्यांपैकी त्या दिवशी ज्याचं काही पुढे सरकलं तो हा एकटाच, तक्रार करणारा. शिवाय काकांनी थापटणं उचललं ते विचारल्यावर. रात्री अकराला आमच्या डोक्यावर जे वाजतं, त्याच्याबद्दल आम्हाला कोणत्या मुक्ताबाईनं विचारलं होतं?

आता फ्लेक्सकडे येतो. 'चौकात एक कापड लटकलं तर तुमचं काय बिघडलं?' हा त्यांचा सवाल ऐकला की माझं डोकं फिरतं.

एक कापड लटकत नाही. आधी वासे रोवले जातात, त्यासाठी नव्या पेव्हर ब्लॉकमध्ये पहारीनं भोकं पाडतात. मग दहा बाय वीसची चौकट चढते. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, कानाला मोबाईल लावलेला, डोळ्याला काळा चष्मा, मागे सिंह. वर पक्षातल्या थोरांची एक रांग, तिचा क्रम चुकला तर फ्लेक्स रात्रीत फाटतो. खाली शुभेच्छुकांचे चाळीस-पन्नास चेहरे, पासपोर्ट आकारात, त्यातले दोन-चार अजून दहावीत. वर 'भावी नगरसेवक'. नगरपालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते, निवडणुका लागल्या त्या 2025 च्या डिसेंबरात. तोवर ही सगळी मंडळी भावीच राहिली. काहींचं भावीपण इतकं जुनं झालं की मिशा पिकल्या, फोटो तोच. या सगळ्याच्या मागे रस्त्याची दिशा दाखवणारी पाटी असते. तुळजापूरला निघालेला परगावचा भाविक तिथं गाडी थांबवून काच खाली करतो आणि भावी नगरसेवकालाच रस्ता विचारावा की काय, अशा चेहऱ्यानं वर बघतो.

वाढदिवस संपला तरी फ्लेक्स संपत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तो खेड्यात जातो, कडब्याच्या गंजीवर नाहीतर शेळ्यांच्या शेडवर चढतो. उस्मानाबादी शेळी जगात नावाजलेली. ती आता कार्यसम्राटांच्या कृपाछत्राखाली रवंथ करते. फ्लेक्सचा एवढाच उपयोग मी मान्य करतो. 2024 च्या डिसेंबरात टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर तुडवत एक वाघ येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आला. त्याच्या स्वागताचा फ्लेक्स काही माझ्या बघण्यात आला नाही. त्याला कुठलंच भावी पद नको होतं.

'किरकोळ आहे हो!' म्हणता? 13 मे 2024 ला घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळलं. मर्यादा 40 बाय 40 फुटांची, ते होतं 120 बाय 120. सतरा माणसं मेली. आदल्या दिवसापर्यंत तेही किरकोळच होतं.

आणि सप्टेंबर 2025? परंडा-भूमकडे असा पूर आला की दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. पिकांसकट माती वाहून गेली. त्या पुरात मदतीच्या पिशव्या आल्या आणि पिशव्यांवर कोण? चौकातलेच ओळखीचे हसरे चेहरे. राज्यभर टीका झाली, तेव्हा वरचा फोटो बघू नका, आत काय आहे ते बघा, अशा थाटाचं उत्तर मिळालं. महाशयांनी सांगावं, की यातलं मोठं दुःख कोणतं आणि किरकोळ कोणतं? पाणी ओसरण्याआधी फोटो पोचवायची सवय कुठं लागली? वाढदिवसाच्या चौकटीखालून आपण रोज मुकाट जात होतो, तिथंच. चौकात ज्याला कोणी टोकलं नाही तो पुरात कशाला लाजेल?

बाकीच्या कुरकुरींबद्दल थोडक्यात. डॉल्बी: निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची आहे, आमच्याकडे तेवढा आवाज जनरेटरच काढतो. मालिका: त्यातला खेडूत एकाच वाक्यात साताऱ्याचं 'व्हय जी' आणि नागपूरचं 'बे' म्हणतो, कळंबच्या एसटीत असा माणूस चढला तर कंडक्टर त्याला आधी ओळखपत्र मागेल. एसटीतले रील बघणारे: हेडफोन स्वस्त झालेत.

'खंडन झालं, मग तुमचं म्हणणं काय?' असं विचारतीलच. ते फार मोठं नाही. पाऊस पडला नाही तर अर्ज कोणाला करायचा? दुष्काळाला धनी सापडत नाही. सापडला तरी तो दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतो. फ्लेक्सचं तसं नाही. आपल्या गुन्ह्याखाली स्वतःचं नाव, गाव आणि रंगीत फोटो छापणारा गुन्हेगार दुसरीकडे कुठं मिळणार? 1995 चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड आहे. दंड हास्यास्पद आहे हे कबूल, तेवढ्यात त्या वाढदिवसाचा केकही येत नाही. तरी तारखेसह फोटो काढावा, साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहावा, फ्लेक्सवरची नावं आहेत तशी उतरवून काढावीत आणि आवक-जावकला देऊन पोच घ्यावी. पोच द्यायला कारकून कुरकुर करील. त्याच्या नावाचा दुसरा अर्ज तिथंच बाकड्यावर बसून लिहावा.