बटण रुसले!

आमच्या लॅपटॉपच्या टचपॅडने मध्यंतरी असहकार पुकारला. पडद्यावरचा बाण भलतीकडे उड्या मारी आणि बटण काही केल्या दबेना.

"भज्यांचे हात लावता, दुसरे काय होणार?" सौ.चा निकाल! तो अगदीच खोटा नव्हता; तेलाघामाने टचपॅडला बोट नीट कळत नाही. पुसून पाहिले. मग चार्जर काढला, तशा उड्या थांबल्या. प्लगाला दोनच पिना, अर्थिंग नाही! बटण मात्र ताठच.

चिरंजीव पेचकस घेऊन सरसावले. तेवढ्यात माझे लक्ष गेले, टेबलावर लॅपटॉप डुगडुगत होता. त्याचे पोट फुगले होते! टचपॅडखाली बॅटरी असते. लिथियमची ही बॅटरी जुनी झाली, की कधीकधी आत वायू साठून फुगते व पॅडला खालून रेटते. मग बटण दबणार कसे? अशी बॅटरी दाबली-टोचली तर पेटही घेते. आणि मी आठवडाभर अंगठ्याने जोर लावीत होतो!

यंत्र तत्काळ बंद केले. चार्जर पुन्हा लावला नाही. दुरुस्तीवाल्याने नवी बॅटरी बसवली, आणि बटण पहिल्यासारखे टकटकू लागले. भज्यांवरचा आरोप मात्र सौ.ने अद्याप मागे घेतलेला नाही.