गाडी उत्तम, पण गाडा चालावा कसा?

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. विजेवर चालणाऱ्या आलिशान मोटारी बांधणाऱ्या ल्युसिड ह्या अमेरिकन कंपनीची हकिकत पाहिली म्हणजे ह्या म्हणीचा प्रत्यय सातासमुद्रापलीकडेही येतो, असे म्हणणे भाग पडते. ह्या कंपनीची मोटार वाईट आहे, असे तिचे प्रतिस्पर्धीही म्हणत नाहीत. तरीही २०२४ साली तिने १०,२४१ मोटारी गिऱ्हाइकांच्या हवाली केल्या, वर्षाकाठी सुमारे ८१ कोटी डॉलरांचे उत्पन्न मिळवले आणि अखेरीस सुमारे २७० कोटी डॉलरांचा तोटा पदरात घेतला! २०२५ साली मोटारींची संख्या १५,८४१ वर गेली, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु ह्या आकड्यांनी मूळ कोडे सुटत नाही. गुणाने श्रेष्ठ असलेली नवी कंपनी जुन्या मातब्बरांसमोर टिकू शकते की नाही, हे ते कोडे होय. ते केवळ धनिकांच्या हौसेपुरते नाही, म्हणूनच आज आम्ही त्याचा विचार करीत आहोत.

प्रथम गुणांची कबुली दिली पाहिजे. ही कंपनी २००७ साली कॅलिफोर्नियात ‘अतिएवा’ ह्या नावाने निघाली, ती मोटारींसाठी नव्हे, तर बॅटऱ्यांसाठी. विजेच्या मोटारींच्या ‘फॉर्म्युला ई’ शर्यतीत पूर्वी चालकाला अर्ध्या वाटेवर एक गाडी सोडून दुसरीत बसावे लागे, कारण एका बॅटरीत शर्यत पुरी होत नसे. २०१८-१९ च्या हंगामापासून ह्या कंपनीने बांधलेल्या बॅटऱ्या सर्व गाड्यांत बसल्या आणि ही केविलवाणी कसरत संपली. २०१३ साली कंपनीत आलेले पीटर रॉलिन्सन हे टेस्लाच्या ‘मॉडेल एस’ ह्या मोटारीचे मुख्य अभियंता होते; २०१९ मध्ये कंपनीची सूत्रेच त्यांच्याकडे आली. २०२१ साली त्यांची ‘एअर’ ही मोटार रस्त्यावर आली, तेव्हा तिच्या एका प्रकाराला अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेने एका भारात ५२० मैलांचा, म्हणजे सुमारे ८३७ किलोमीटरांचा पल्ला मान्य केला. विजेच्या मोटारीने तोवर ५०० मैलांची सीमा ओलांडली नव्हती. पुढे ह्याच मोटारीच्या साध्या प्रकाराने ८४ युनिटांच्या बॅटरीवर ६७६ किलोमीटरांचा पल्ला गाठला. घरच्या विजेचे बिल दरमहा बारकाईने वाचणाऱ्या आमच्या वाचकांना ह्या काटकसरीचे मोल निराळे समजावून सांगावयास नको.

मग घोडे पेंड खाते कोठे? आमच्या मते, नमुना घडवणे आणि कारखाना चालवणे ह्या दोन भिन्न विद्या आहेत, ह्या जुन्या सत्याचा ह्या मंडळींना विसर पडला. एक अप्रतिम मोटार बांधावयास प्रतिभा लागते. तशाच हजारो मोटारी दररोज, बिनचूक आणि ठरल्या किमतीत बाहेर काढावयास शिस्त, सवय आणि वर्षे लागतात. २०२१ साली भांडवल उभारताना कंपनीने २०२२ मध्ये २० हजार आणि २०२४ मध्ये ९० हजार मोटारींचे स्वप्न भांडवलदारांपुढे ठेवले होते. प्रत्यक्षात २०२२ सालीच आपले उद्दिष्ट तिने दोनदा खाली आणले आणि वर्षाअखेर गिऱ्हाइकांच्या हाती ४,३६९ मोटारी पडल्या. सुट्या भागांची टंचाई आणि मालाची ने-आण ही कारणे त्या वेळी पुढे करण्यात आली. ती खोटी नव्हती. पण त्याच टंचाईत जुन्या कंपन्यांचे कारखाने लाखांनी मोटारी काढीत होते. ज्यांच्याशी पुरवठादारांचे दोन-तीन पिढ्यांचे नाते, त्यांना माल आधी मिळतो आणि नवख्याने रांगेच्या शेवटी उभे राहावे, हा व्यापाराचा नियमच आहे.

ह्या अपुऱ्या संख्येचा परिणाम साध्या त्रैराशिकाने कळतो. कारखान्याची इमारत, यंत्रे, साचे, सुरक्षिततेच्या चाचण्या, विक्रीची दालने, दुरुस्तीची केंद्रे ह्यांवरील खर्च दहा हजार मोटारी निघोत की लाख निघोत, फारसा बदलत नाही. लाखांवर वाटला तर तो पचतो. दहा हजारांवर वाटला तर गळ्याशी येतो. २०२४ च्या तोट्याला त्या वर्षीच्या मोटारींनी भागले, तर प्रत्येक मोटारीमागे सुमारे २ लाख ६४ हजार डॉलर पडतात. आणि ल्युसिडची सर्वांत स्वस्त मोटार सुमारे ७० हजार डॉलरांची! ह्या तोट्यात पुढील मोटारींच्या संशोधनाचा आणि नव्या कारखान्यांचा खर्चही आहे, हे आम्ही जाणतो, आणि एवढ्यावरून कंपनीला उधळी ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु पेरणीचा खर्च कितीही योग्य असला, तरी सुगीपर्यंत घर चालवावे लागतेच.

जुने प्रतिस्पर्धी ह्याच ठिकाणी वरचढ ठरतात. त्यांच्या विजेच्या मोटारी ल्युसिडहून सरस आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्या घरात दुसरी चूल पेटलेली आहे म्हणून. पोर्शे कंपनीच्या ‘टायकान’ ह्या विजेच्या मोटारीची विक्री २०२४ साली जवळजवळ निम्म्याने घसरून २०,८३६ वर आली. नव्या कंपनीवर असा आघात झाला असता तर ती आडवी झाली असती. पोर्शेला मात्र पेट्रोलच्या मोटारींनी सावरून धरले. बीएमडब्ल्यूची विजेवरची ‘आय सेव्हन’ आणि तिची पेट्रोलवरची बहीण एकाच कारखान्यात, एकाच रांगेत तयार होतात. मागणी जिकडे झुकेल तिकडे कारखानदाराने वळावे. मर्सिडीजची ‘ईक्यूएस’ ही मोटार २०२२ पासून आपल्या पुण्याजवळ चाकण येथे जुळवली जाऊ लागली, तीही त्याच कंपनीच्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारींच्या शेजारी. विजेच्या मोटारीला गिऱ्हाईक कमी आले म्हणून त्या कारखान्याला टाळे लागणार नाही. ल्युसिडला असा आसरा नाही. ती एकाच पिकावर जगणाऱ्या शेतकऱ्यासारखी आहे. पाऊस चुकला की तिचे वर्षच चुकते. शिवाय २०२५ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकन सरकारने विजेच्या मोटारींवरील ७,५०० डॉलरांची करसवलतही बंद केली. आधीच आखूड असलेल्या पांघरुणाचे एक टोक असे ओढले गेले.

टेस्लाही एके काळी अशीच बुडण्याच्या बेतात होती, मग ल्युसिडबद्दल निराशा कशाला, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण २०१२ साली टेस्लाची ‘मॉडेल एस’ बाजारात आली, तेव्हा लांब पल्ल्याची आलिशान विजेची मोटार दुसऱ्या कोणाकडे नव्हती. अमेरिकन सरकारचे ४६.५ कोटी डॉलरांचे कर्ज तिच्या पाठीशी होते; ते तिने २०१३ मध्येच फेडले, हे तिचे श्रेय होय. ल्युसिड मैदानात उतरली तेव्हा मात्र टायकान धावत होती, ईक्यूएस आली होती आणि टेस्ला स्वतःच धनाढ्य झाली होती. २०२३ साली टेस्लाने एकामागून एक किमती उतरवल्या, तेव्हा ल्युसिडलाही आपल्या किमती खाली आणाव्या लागल्या. एकाला ती कपात नफ्यातून परवडली, दुसरीने ती तोट्यात भर घालून सोसली. रिकामे मैदान मारणे वेगळे आणि भरल्या मैदानात पाय रोवणे वेगळे! ह्या धंद्याचा इतिहासही धीर देणारा नाही. प्रेस्टन टकर ह्यांची मोटार १९४८ साली काळाच्या पुढे होती. ती ५१ नगांवर थांबली. ब्रिटिश कारखानदार जेम्स डायसन ह्यांनी विजेच्या मोटारीवर पदरचे ५० कोटी पौंड खर्च केले आणि २०१९ मध्ये एकही मोटार न विकता हिशेब मिटवला. फिस्कर हे नाव तर २०१३ आणि २०२४ असे दोनदा दिवाळखोरीच्या दारात उभे राहिले.

ल्युसिड अद्याप त्या दारात गेलेली नाही, ह्याचे कारण सौदी अरेबिया. तेथील सरकारी गुंतवणूक निधीने २०१८ साली शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ह्या कंपनीत घालण्याचे ठरवले, आणि त्यानंतर प्रत्येक अडचणीत तोच धावून आला. कंपनीचा निम्म्याहून अधिक वाटा त्याच्या हाती गेला. दहा वर्षांत एक लाखापर्यंत मोटारी घेण्याचा करार सौदी सरकारने २०२२ मध्ये केला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात जिद्दा शहराजवळ मोटारी जुळवण्याचा कारखानाही उघडला. विजेच्या मोटारीचा दिवा असा तेलावरच तेवतो आहे! ह्यात आम्हांस केवळ विनोद दिसत नाही. उद्या तेलाचा जमाना ओसरला तर काय, ह्या चिंतेने सौदी राज्यकर्ते नवे उद्योग जोडू पाहत आहेत, आणि ते दूरदृष्टीचे लक्षण आहे. परंतु ज्या कंपनीचा पोशिंदा, धनी आणि मोठा गिऱ्हाईक एकच असतो, तिचे भवितव्य तिच्या गुणांवर उरत नाही, त्या धन्याच्या मर्जीवर आणि तेलाच्या भावावर ठरते. आश्रय आणि स्वातंत्र्य एका ताटात फार काळ जेवत नाहीत.

ह्या सर्व व्यवहारात लहान माणसाचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. २०२१ च्या नोव्हेंबरात शेअरबाजाराने ल्युसिडची किंमत फोर्ड कंपनीहून अधिक ठरवली होती. फोर्डच्या मागे शंभरावर वर्षांचा उद्योग. ल्युसिडने त्या संपूर्ण वर्षात गिऱ्हाइकांना दिलेल्या मोटारी अवघ्या १२५! त्या वेळी पन्नास डॉलरांच्या वर गेलेला शेअर २०२५ च्या ऑगस्टात दोन डॉलरांच्या आसपास आला, आणि मग कंपनीने दहा शेअरांचा एक शेअर केला. दहा नाणी वितळवून एक केल्याने थैलीतील ऐवज वाढत नाही. उन्मादाच्या त्या दिवसांत आपली पुंजी घातलेल्या सामान्य गुंतवणूकदाराला धन्याप्रमाणे आणखी दहा वर्षे वाट पाहणे परवडत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सुमारे १,३०० नोकरांना, म्हणजे दर शंभरांतील अठरांना घरी जावे लागले, तेव्हा मोटारीच्या पल्ल्याचा विक्रम त्यांच्या उपयोगी पडला नाही. स्वतः रॉलिन्सन ह्यांनीही २०२५ च्या फेब्रुवारीत प्रमुखपद सोडले.

तरीही ल्युसिडचा निकाल लागला, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. सुमारे ५० हजार डॉलरांची मध्यम आकाराची मोटार काढून संख्या वाढवावी, ही पहिली. ती आवश्यक दिसते, पण तिकडे गर्दी अधिक आणि मोटारीमागे सुटणारा पैसा कमी. दुसरी वाट आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. २०२३ मध्ये ॲस्टन मार्टिन ह्या नामांकित ब्रिटिश कंपनीने ल्युसिडचे यंत्रतंत्र विकत घेण्याचे ठरवले. २०२५ च्या जुलैत उबर कंपनीने ३० कोटी डॉलर गुंतवण्याचे आणि चालकाविना धावणाऱ्या टॅक्सींसाठी सहा वर्षांत निदान २० हजार ल्युसिड मोटारी घेण्याचे जाहीर केले. अतिएवा निघाली तेव्हा ती दुसऱ्यांच्या मोटारींसाठी बॅटऱ्या करीत होती. आपल्या मोटारीच्या नाममुद्रेचा अभिमान थोडा बाजूला ठेवून ही विद्या इतर कारखानदारांना विकण्यात कमीपणा कसला? ज्याच्या हातात कसब आहे त्याने ते चार घरी वापरावे. स्वतःचा वाडा अपुरा आहे म्हणून उपाशी राहू नये.

आपल्या देशातही नव्या कंपन्यांचे, नव्या कल्पनांचे आणि त्यांच्या फुगलेल्या किमतींचे कौतुक सध्या जोरात आहे. त्या उत्साहावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. पण पुण्या-मुंबईच्या हुशार तरुणांनी आणि त्यांच्या मागे आपली बचत लावणाऱ्या वडिलांनी एवढे ध्यानी ठेवावे, की टाळ्या म्हणजे विक्री नव्हे आणि शेअरचा भाव म्हणजे कमाई नव्हे. नमुना करणाऱ्या प्रतिभावंताला आपण हार घालतो. तोच नमुना रोज शंभरदा बिनचूक उतरवणाऱ्या फोरमनचे नावही विचारीत नाही. कंपनी मात्र बहुधा त्या फोरमनच्या खांद्यावर उभी असते. ल्युसिडची मोटार एका भारात आठशे किलोमीटर जाते, हे सिद्ध झाले आहे. ती कंपनी स्वतःच्या कमाईवर एक वर्ष तरी चालते काय, हे अजून सिद्ध व्हावयाचे आहे. आणि लांबचा पल्ला तोच आहे.