कूलरचे वारे कोणाच्या वाट्याला?

होळी झाली की आमच्या वाशीममध्ये माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. टाकी घासायची, जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, हा जणू सणच. हल्ली काही घरांत एसी आला आणि त्याच्यासोबत 'सगळे घरच गार करू' ही हौसही आली. मला ती पटत नाही. रिकाम्या खोल्या गार करून कोणाचे भले होते? दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा १५०० वॅटच्या आसपास वीज ओढतो. घरगुती कूलरचे बहुधा २०० वॅटमध्ये भागते. बिलात १०० आणि ३०० युनिटची पायरी ओलांडली की दर कसा चढतो, हे गृहिणींना तोंडपाठ आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, आणि आपण पहिल्याच दिवशी ते १८ वर नेतो!

जुन्या धाब्याच्या घरांत माणसेच जागा बदलत. दुपारी जाड भिंतींच्या माजघरात, सांजेला ओसरीवर, रात्री अंगणात. सिमेंटच्या स्लॅबने ती सोय मोडली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर डोक्यावर ऊब सोडत राहतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तरी बराच फरक पडतो.

पण खोल्यांच्या या वाटणीत स्वयंपाकघर कुठे बसते? बैठकीत पाहुण्यांसाठी कूलर, मुलांच्या अभ्यासाला कूलर. आणि घरातल्या सर्वांत तापलेल्या खोलीत भाकऱ्या थापणाऱ्या बाईला साधा पंखाही नाही, कारण गॅसची ज्योत हलते. उपाय महाग नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट हवीच, नाहीतर घर दमट होते. ती वाट स्वयंपाकघरातून काढा. मधले दार आणि तिथली खिडकी उघडी ठेवा, जमल्यास वर हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. बैठक थोडी कमी गार होईल. होऊ द्या. एसीची खोली मात्र बंद ठेवावी लागते, त्यामुळे त्याचा गारवा चुलीपर्यंत पोचतच नाही.

राहिले पाणी. एकबुर्जीचा साठा खाली जाऊ लागतो, नेमक्या त्याच दिवसांत कूलर टाकीमागून टाकी मागतो. म्हणून घरात दोन कूलर लावण्याऐवजी दुपारी सर्वांनी एकाच खोलीत बसावे, असे माझे मत. शेवटी त्या टाकीत बादल्या कोण ओतते, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे.