कपाटातला कॅमेरा

आधीच माफी मागून ठेवते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मराठीचे मार्क कसेबसे काढले. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाला धरा, मला नको! मॅगझिनच्या इंग्लिश सेक्शनसाठी लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण हा लेख ज्यांनी वाचावा असं मला वाटतं त्यात आमच्या लॅबचे काका आहेत, आणि ते मॅगझिन हातात आलं की आधी मराठीची पानं उघडतात.

विषय आहे लॅबमधल्या लोखंडी कपाटातला वीस मेगापिक्सेलचा इंडस्ट्रियल कॅमेरा. वरून दुसरा कप्पा, मूळ खोक्यात, वर निळं प्लॅस्टिक. इन्स्पेक्शनच्या दिवशी टेबलावर येतो, संध्याकाळी परत आत जातो. माझं मत आहे की तो बाहेर पाहिजे, रोज, आणि आपल्या हातात. आणि हेही सांगायला हवं की मधे दीड महिना तो बाहेर होता, आणि परत आत गेला तो माझ्यामुळे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणून लिहायला बसलेय.

आता कुणी म्हणेल, वीस मेगापिक्सेलचं काय कौतुक? हॉस्टेलमध्ये निम्म्या जणींच्या फोनवर पन्नास मेगापिक्सेल लिहिलेलं असतं. मीही हेच म्हटलं होतं. फरक असा की फोन तुम्हाला खूश करण्यासाठी फोटो काढतो. कडा धारदार करतो, अंधार उजळतो, चेहरा गुळगुळीत करतो, आणि हे सगळं न विचारता. सेल्फीला ते बरं. पण लोखंडाच्या चकतीवर ओरखडा आहे की नाही हे बघायचं असेल तर तोच गुळगुळीत करून टाकणारा फोन काय कामाचा? इंडस्ट्रियल कॅमेरा काहीही करत नाही. स्क्रीन नाही, बटण नाही, बॅटरी नाही, मेमरी कार्ड नाही. मुठीत मावेल एवढा धातूचा ठोकळा, मागे केबलची जागा, पुढे लेन्ससाठी एक इंच व्यासाचे आटे. लेन्स वेगळी. जेवढा प्रकाश पडला तेवढे आकडे देतो, बाकी सगळं तुमच्या डोक्यावर.

आणि ते ‘बाकी सगळं’ म्हणजेच आमचा मिनी प्रोजेक्ट होता. एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टीलच्या ४० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या बनतात. त्यांचा व्यास मोजायचा आणि ओरखडे शोधायचे. आम्ही तिघी. प्रोग्राम लिहायला दोन महिने लागतील आणि कॅमेरा जोडायला एक दुपार, असा आमचा हिशोब होता. झालं बरोबर उलटं.

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअरला कॅमेरा दिसला, पण उघडेना. मी मॅन्युअल काढलं आणि (कॉन्व्हेंटचा फायदा!) फाडफाड वाचून दाखवलं. कॅमेरा गिग-ई जातीचा, म्हणजे साध्या नेटवर्क केबलवर चालणारा. पीसीला नेट सेंटरनं स्वतःचा पक्का आयपी ॲड्रेस दिलेला. कॅमेऱ्याला मात्र कुणीच ॲड्रेस दिला नव्हता, म्हणून त्यानं स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक घेतला. दोघं एकाच टेबलावर, पण वेगवेगळ्या गल्लीत राहणारे. ते जुळवल्यावर चित्र आलं, आणि ते पूर्ण काळं. अर्धा तास सेटिंग्ज बदलल्या. मग काकांनी येऊन लेन्सचं झाकण काढलं. (हसू नका, तुमच्याही बाबतीत होणार आहे.)

पुढचा आठवडा खालच्या बाजूला काळे पट्टे येणाऱ्या फोटोंशी भांडण्यात गेला. इथे गणित करून बघा. चित्र ५४७२ गुणिले ३६४८ पिक्सेल, प्रत्येकाला एक बाइट, म्हणजे एका फोटोला जवळजवळ २० मेगाबाइट. गिगाबिट केबलवरून सेकंदाला कागदावर १२५ मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात थोडे कमी. म्हणजे सेकंदाला पाच-सहा फोटो, बस्स. आम्ही मात्र मधे लॅबचा जुना स्विच लावला होता, १०० मेगाबिटचा. त्यातून एक फोटो यायला दीड सेकंदाच्या वर लागतो, आणि वाटेत पॅकेट गळतात ते वेगळंच. स्विच काढला, हातानं क्रिंप केलेली केबल फेकली, कार्डच्या सेटिंगमध्ये जम्बो फ्रेम चालू केली. पट्टे गेले. कॉम्प्युटर नेटवर्क्सचा पेपर मी आधीच्या सेमला चांगल्या मार्कांनी काढला होता. पण पॅकेट हरवतं म्हणजे नेमकं काय हरवतं, हे मला त्या काळ्या पट्ट्यांनी शिकवलं.

मग आडवे पट्टे आले, फिके-गडद. ते ट्यूबलाइटचे निघाले. चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, आपल्याला कळत नाही. आमचा कॅमेरा रोलिंग शटरचा, म्हणजे चित्राच्या ओळी एकामागून एक टिपणारा. एक्स्पोजर दोन मिलिसेकंद ठेवलं की काही ओळी उजेडात, काही अर्धवट अंधारात. दहा मिलिसेकंद किंवा त्याच्या पटीत ठेवलं की पट्टे गायब. (याच शटरमुळे सरकती चकती अंडाकृती दिसते, म्हणून बेल्टचा विचारही केला नाही. एकेक चकती हातानं ठेवली.) आणि फोटो अंधारा वाटला की गेन वाढवायचा मोह टाळायचा. गेन म्हणजे रेडिओचा आवाज मोठा करणं, गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. हे उदाहरण माझं नाही, काकांचं. मी त्यांना गेन म्हणजे काय हे मराठीत सांगायला दहा मिनिटं धडपडत होते आणि त्यांनी एका वाक्यात मलाच समजावलं.

पण खरी मजा उजेडाची. स्टील चमकतं. वरून दिवा धरला की मधोमध पांढरा डाग, बाकी काळं. कुठेतरी वाचलं की घुमटाकार दिवा लावा. तो विकत घेण्याइतके पैसे नव्हते. मेसच्या मावशींकडून एक पोचे आलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं मागून आणलं, वर्कशॉपमध्ये बुडाला भोक पाडलं, आतून पांढरा रंग दिला, कडेनं एलईडीची पट्टी वर तोंड करून चिकटवली. पालथं घातलं, भोकातून कॅमेरा. काय सुंदर फोटो आला! डाग नाही, चमक नाही, चकती अगदी पौर्णिमेचा चंद्र. आम्ही तो फोटो सगळ्यांना दाखवत फिरलो.

त्या फोटोत एकही ओरखडा दिसत नव्हता.

सगळीकडून सारखा उजेड पडला की खड्डा आणि सपाट जागा सारखीच उजळते. चमक घालवताना आम्ही ओरखडेही घालवले होते. ओरखडा बघायचा तर दिवा खाली, चकतीच्या जवळजवळ पातळीत आणावा लागतो. मग सपाट भाग काळा राहतो आणि ओरखड्याच्या कडेवर आपटलेला उजेड तेवढा वर कॅमेऱ्यात येतो. गुन्हेगार पांढऱ्या रेघेत समोर उभा! आणि व्यास मोजायचा तर तिसरीच तऱ्हा, दिवा मागून, चकतीची नुसती सावली. एकच कॅमेरा, एकच चकती, तीन दिवे, तीन वेगळी सत्यं. माझ्या मते या वर्षात मी शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ती कुठल्याही युनिट टेस्टमध्ये आली नाही.

मोजमापात तर आमची चांगलीच जिरली. लेन्स २५ मिलिमीटरची, प्लेटपासून साधारण २३५ मिलिमीटरवर. चित्राची रुंदी ११० मिलिमीटर, म्हणजे एक पिक्सेल ०.०२ मिलिमीटरचा. मेट्रॉलॉजी लॅबमधून २५ मिलिमीटरचं स्लिप गेज आणून आडवं ठेवलं, पिक्सेल मोजले, प्रमाण काढलं. मग चकती ठेवली, उत्तर ३८.८. दुसरी, ३८.८. आम्ही रिपोर्टात लिहिणार होतो की वर्कशॉपचा माल साइजमध्ये नाही! काकांनी खिशातून व्हर्नियर काढला. ४०. मग गेजकडे बघितलं, चकतीकडे बघितलं आणि म्हणाले, “पोरींनो, ते जाड आहे आणि ही पातळ.” गेज ९ मिलिमीटर उंच, चकती २ मिलिमीटर. गेजचा माथा लेन्सला सात मिलिमीटर जवळ, म्हणून तो तीन टक्के मोठा दिसत होता, आणि त्या मापानं चकती तीन टक्के बारीक ठरत होती. त्या दिवसापासून व्हर्नियरनं मोजलेली एक चकतीच मास्टर म्हणून वापरली. वर्कशॉपला तो रिपोर्ट गेला असता तर? तिथल्या माणसाचा माल आमच्या वीस मेगापिक्सेलच्या भरवशावर नापास झाला असता.

आता माझा पराक्रम. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड वर होतं आणि डोक्यावर पंखा चालू होता. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, तोंड खाली ठेवा, झाकण लगेच लावा. वाचलं होतं. फाडफाड वाचलं होतं! फोटोत ठिपके आले. चकती हलवली तरी ठिपके तिथेच, लेन्स फिरवली तरी तिथेच, म्हणजे धूळ सेन्सरच्या काचेवर. रबरी फुग्यानं हवा मारायची असते. साडेसात वाजले होते, लेडीज हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद होतं, मी ओढणीच्या टोकानं पुसलं. ठिपके गेले आणि चित्रात कायमची एक पुसट तिरपी रेघ आली.

दोन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी काकांना वर बोलावलं, कारण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये सही त्यांची आहे. मी नंतर जाऊन सांगितलं, पण त्या ‘नंतर’बद्दल मला अजून लाज वाटते. काका मला एवढंच म्हणाले, “बेटा, पहिल्या दिवशी सांगायचं.” दुसऱ्या आठवड्यात नोटीस लागली की कॅमेरा यापुढे फक्त डेमोन्स्ट्रेशनसाठी.

स्टाफचं म्हणणं मला समजत नाही असं नाही. लाखाच्या वरची वस्तू, ऑडिटला उत्तर द्यावं लागतं, आणि मुलं ओढणीनं सेन्सर पुसतात. पण डेमोन्स्ट्रेशन म्हणजे काय होतं ते आपण सगळे जाणतो. साठ जण टेबलाभोवती, पुढच्या आठ जणांना दिसतं, मागचे जर्नल उतरवतात. त्यात झाकण काढायला कुणी विसरत नाही, म्हणून झाकणाबद्दल कुणी शिकत नाही. आणि ती रेघ? आम्ही चकत्या चित्राच्या उजव्या भागात ठेवून उरलेला सगळा प्रोजेक्ट त्याच कॅमेऱ्यावर, काकांच्या समोर बसून, पूर्ण केला. कॅमेरा मेलेला नाही. खोक्यात ठेवून तो सुधारणारही नाही, वॉरंटी तेवढी संपेल.

माझं म्हणणं एवढंच आहे, आधी एखाद्या स्वस्त वेबकॅमवर आणि जुन्या लेन्सवर हात बसू द्या. काकांसमोर तीनदा लेन्स नीट बदलून दाखवेल त्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहा, आणि त्या दिवसापुरती सही त्याची घ्या, काकांची नको. नुकसान झालं तर त्याच दिवशी सांगणाऱ्याला कॅमेरा बंद होणार नाही असं लिहून द्या, कारण गप्प बसायला मला शिक्षेच्या भीतीनंच शिकवलं. आणि लॅब सातपर्यंत उघडी ठेवणार असाल तर आमच्या गेटचंही बघा. मुलं रात्री दहापर्यंत प्रोजेक्ट करतात आणि आम्ही घड्याळाकडे बघत सेन्सर पुसतो.

एचओडी सरांना अर्ज दिलाय. त्यावर आत्तापर्यंत सव्वीस सह्या आहेत, थर्ड इयरच्या जास्त, सेकंड इयरच्या चार. पातेलं अजून लॅबमध्येच आहे, खिडकीखाली. मावशी परत मागतायत, पण आतला रंग निघत नाही.