गीझर बोलतोय, ऐकताय ना?

दिवाळीचं अभ्यंगस्नान झालं की दिल्लीत गीझरची खरी ड्युटी सुरू होते, ती थेट होळीपर्यंत. उन्हाळाभर गप्प बसलेला हा गडी आता रोज सकाळी काही ना काही बोलू लागतो. कधी लाह्या फुटल्यासारखं, कधी शिट्टी, कधी भिंतीत कुणी हातोडा मारल्यासारखा धप्प आवाज. ‘जुना झालाय, आवाज करणारच’ असं म्हणून आपण आंघोळ उरकतो. पण यातले काही आवाज अगदी निरुपद्रवी असतात आणि काही ऐकल्याबरोबर बटण बंद करायला हवं. कोणते कोणते, तेवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

लाह्या फुटल्यासारखा फटफट आवाज

सर्वांत जास्त ऐकू येणारा आवाज हाच आणि त्याचं कारण पाणी. सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारी अनेक मराठी कुटुंबं बदली होऊन येताना गीझरही सोबत आणतात. मुंबईत तलावांचं पाणी मऊ, त्यामुळे तिथे तो वर्षानुवर्षं शांत असतो. दिल्लीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं की क्षार वाढतात. भारतीय मानक ब्युरोच्या निकषांनुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तुमच्या बादलीवर पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे असं समजा.

असं पाणी तापलं की क्षार वेगळे होऊन कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी थर धरतात. थराखाली अडकलेलं पाणी आधी उकळतं, त्याचे वाफेचे बुडबुडे थंड पाण्यात येऊन फुटतात, तोच हा फटफट आवाज. लगेच धोका नाही, पण कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि लवकर जळते. उपाय म्हणजे मेकॅनिककडून टाकी रिकामी करून कॉइल साफ करून घेणं. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची दांडी, म्हणजे अ‍ॅनोड रॉडही पाहायला सांगा. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. संपली असेल तर बदलावी लागते. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवला तर थरही कमी धरतो.

शिट्टी, धप्प आणि टक

बारीक शिट्टी वाजत असेल तर आधी गीझरखालचा अँगल कॉक बघा. तो अर्धवट उघडा असेल किंवा त्यात कचरा अडकला असेल तर पाणी चिंचोळ्या जागेतून जाताना शिट्टी वाजते. नळ झटकन बंद केल्यावर धप्प आवाज आला, तर वेगाने येणारं पाणी एकदम अडून पाइपला धक्का बसतोय. पाइप भिंतीला क्लॅम्पने घट्ट बसवून घ्या, अँगल कॉक थोडा कमी करा. गीझर चालू-बंद होताना येणारा ‘टक’ आवाज मात्र थर्मोस्टॅटचा. त्याची काळजी नको.

नव्या टॉवरमध्ये जुना गीझर?

२०१६ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यात सरोजिनी नगरही होतं. जुन्या बैठ्या क्वार्टर्समध्ये टाकी डोक्यावरच, त्यामुळे पाण्याला दाब बेताचाच. उंच इमारतीत तसं नसतं. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब वाढतो. म्हणजे टाकी तुमच्यापेक्षा १० मजले वर असेल आणि मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर ३ बारच्या आसपास दाब गीझरवर येतो. घर बदलताना गीझरच्या पट्टीवर लिहिलेला दाबाचा आकडा वाचा आणि तो इमारतीच्या प्लंबरला दाखवा.

तो थेंब बंद करू नका

थंड पाण्याच्या पाइपवर, गीझरच्या बुडाशी बहुतेक वेळा एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब गळतात आणि आपल्याला वाटतं, बिघडला. पण २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापलं की ते सुमारे ४०० मिलिलिटरने फुगतं. या फुगलेल्या पाण्याला वाट देणं हेच त्या व्हॉल्व्हचं काम. ‘फरशी ओली होते’ म्हणून त्यावर टोपी बसवणं किंवा एमसील लावणं म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी दाबून धरण्यासारखं आहे. तिथून एक नळी काढून नाणीत सोडा, झालं. गीझर बंद असतानाही सतत धार लागली तर मात्र व्हॉल्व्ह किंवा पाण्याचा दाब तपासून घ्या.

हे ऐकलं की लगेच बंद

खदखद उकळण्याचा आवाज येतोय, नळातून वाफ येतेय, दिवा विझतच नाही: थर्मोस्टॅट गेला असण्याची शक्यता आहे. २ किलोवॅटच्या गीझरला २५ लिटर पाणी एवढं तापवायला साधारण ४० मिनिटं लागतात. नळ बंद असताना तासाभरानंतरही दिवा पेटलेलाच असेल तर एमसीबी पाडा, गीझर पूर्ण थंड होऊ द्या आणि मेकॅनिकला बोलवा.

प्लग किंवा स्विचमधून चरचर आवाज, जळका वास: एमसीबी पाडा. गीझरला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको.

गॅस गीझर पेटताना ‘भप्प’ असा आवाज करतो किंवा ज्योत निळीऐवजी पिवळी दिसते: गॅस बंद करा, दार-खिडकी उघडा, बाहेर या. बंद बाथरूममध्ये साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे तो कळत नाही. गॅस गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत असलेलाच बरा.

घरात आजी-आजोबा असतील, मुलं एकटी आंघोळीला जात असतील, तर गीझरचा एमसीबी कोणता ते आजच सगळ्यांना दाखवा आणि त्यावर पेनाने ‘गीझर’ असं लिहून ठेवा. आणि पुढच्या दसऱ्याला पंखे पुसायला काढाल, तेव्हा गीझरच्या सर्व्हिसिंगसाठीही फोन करा. थंडी पडल्यावर मेकॅनिक आठवडाभर वाट बघायला लावतो!